खाऱ्या टाकीचा पीएच रात्री का पडतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या पीएचबद्दल आहेत आणि सगळी खान्देशातून आलीयेत. त्यात नवल नाही, मे महिना आहे, दारं-खिडक्या लावून सगळे आत बसलेत. जळगावपासून समुद्र जवळजवळ तीनशे किलोमीटर, तरीही लोक इतक्या हौसेने घरात समुद्र सांभाळतायत हे बघून फार बरं वाटतं, म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आणि याच पत्रांना उत्तरं देतोय.

प्रश्न (एक वाचक, जळगाव): नमस्कार भाऊ. माझी दीडशे लिटरची खारी टाकी हॉलमध्ये आहे, दीड वर्ष झालं. क्लाउनफिशची जोडी, झोआ आणि मशरूम (दोन्ही मऊ कोरलचे प्रकार), एक लेदर कोरल आणि चार टर्बो गोगलगायी. मागच्या वर्षी उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. या एप्रिलपासून सकाळी पीएच ७.६५ आणि संध्याकाळी ७.९ यायला लागला. केएच (पीएच धरून ठेवणाऱ्या क्षारांचं माप) तेव्हा ८.४ होता. दुकानदाराने पीएच वाढवायची बाटली दिली, टाकली की दुपारपर्यंत चढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. आता केएच ११.५ झालाय आणि सकाळचा पीएच फक्त ७.७५. दुकानदार म्हणतो रोज टाकत राहा. दोनदा २० टक्के पाणी बदललं तरी तेच. कूलर काढून यंदा हॉलला एसी बसवलाय त्यामुळे टाकीचं तापमान तर उलट छान २६ वर राहतं, आम्ही पाचही जण रात्री तिथेच झोपतो. काय व्हई राह्यनं काहीच समजत नई.

उत्तर: भाऊ, आधी ती बाटली बंद करा, आजच. आणि मग स्वतःचं पत्र परत एकदा वाचा, उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळींत लिहून पाठवलंय. कूलर काढला, एसी बसवला, पाच जण तिथेच झोपतात.

आपला खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून घरात फेकतो आणि ती बाहेर पडायला म्हणून आपण समोरचं दार किंवा खिडकी फटभर उघडी ठेवतो, म्हणजे रात्रभर घरातली हवा बदलत राहते. स्प्लिट एसी तसं करत नाही, तो आतलीच हवा गार करून परत परत फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असतो आणि आपण जो श्वास सोडतो त्यात जवळजवळ ४ टक्के, म्हणजे बाहेरच्या शंभर पट. पाच माणसं सात-आठ तास बंद हॉलमध्ये झोपली की पहाटेपर्यंत तिथला आकडा २००० च्या वर सहज जातो. टाकीचं पाणी ही हवा पितं, पाण्यात त्याचं कार्बोनिक ॲसिड होतं आणि पीएच पडतो. केएच तेवढाच असताना कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पीएच साधारण ०.३ ने उतरतो, चौपट झाला तर ०.६ ने. तुमचे आकडे या हिशोबात बरोब्बर बसतात.

बाटलीचंही तसंच. त्यात केएच वाढवणारे क्षार असतात. केएच ८.४ वरून ११.५ केला तर हवा तशीच असताना पीएच जेमतेम ०.१ ते ०.१५ ने वाढणार, तुमचा ०.१ ने वाढलाय. म्हणजे बाटलीने तिला जेवढं जमतं तेवढं काम केलं, आजारच वेगळा आहे. रोज टाकत राहिलात तर केएच १३-१४ होईल, मग पाण्यातलं कॅल्शियम चुन्यासारखं बाहेर पडायला लागतं, हीटरवर आणि पंपाच्या आत पांढरा थर बसतो. माझ्या पहिल्या टाकीत मी हेच केलं होतं, पंप घरघर करत बंद पडला म्हणून उघडला तर आतला चुंबक जात्याच्या पाळीसारखा खरखरीत झालेला, व्हिनेगरमध्ये अख्खी रात्र ठेवला तेव्हा कुठे मोकळा झाला. पाणी बदलून पीएच का सुधरत नाही तेही यातच आलं, नवीन पाणी टाकलं तरी चार तासांत ते त्याच हवेशी जुळवून घेतं.

आता माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नका, स्वतः खात्री करा. टाकीतलं पाणी दोन ग्लासांत घ्या. एका ग्लासात साधा एअर पंप आणि त्याचा बुडबुडे काढणारा दगड सोडून तो हॉलमध्येच तासभर चालवा. दुसरा ग्लास तसाच पंप लावून गच्चीवर किंवा ओट्यावर सावलीत तासभर ठेवा, सकाळी सहा-सातला करा, दुपारी केलंत तर पाणीच तापून जाईल आणि आकडा चुकेल. मग दोन्हींचा पीएच मोजा. फक्त बाहेरचा ग्लास वर चढला तर घरातल्या हवेचा दोष. दोन्ही चढले तर घरातली हवा ठीक आहे पण टाकीत पाण्याची हलचाल कमी पडतेय, स्किमर (हवेच्या फेसाने घाण बाहेर काढणारं यंत्र) किंवा वेव्हमेकरचं (पाणी हलवणारा पंप) तोंड वरच्या दिशेने करून पृष्ठभाग चांगला हलता ठेवा. आणि दोन्ही चढले नाहीत तर केएच परत तपासा, तो ७ च्या खाली असायची शक्यता. तुमच्याकडे बाहेरचा ग्लास चढणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

उपाय काय? सगळ्यात सोपा म्हणजे खिडकी वीतभर उघडी ठेवणं, पण मे महिन्यात एसी चालू असताना घरातलं कोणी ऐकणार नाही हे मलाही माहितीये. मग स्किमरची हवेची नळी बाहेर काढा. तुमच्या मापाचा स्किमर तासाला काहीशे लिटर हवा पाण्यात मिसळतो, ती हॉलमधली न घेता बाहेरची घेतली की निम्मं काम झालं. बारीक एअरलाइन नळी सहा-सात फूट लांब ओढली तर स्किमरला दम लागतो, फेस कमी होतो, म्हणून जाड नळी हवी. आपल्याकडे त्याची काय कमतरता, ठिबकवाल्या कुठल्याही दुकानात जा आणि १६ एमएमची साधी, विना ड्रिपरची लॅटरल मीटरवर मागा. नवीनच घ्या, शेतातली जुनी नको, तिच्यात खत गेलेलं असतं. मी खिडकीच्या चौकटीला भोक पाडून ती बाहेर काढली, बाहेरचं तोंड काठीच्या मुठीसारखं खाली वाकवलं म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही, तोंडाला मलमलचा तुकडा रबराने बांधला मुंग्या आणि धुळीसाठी, आणि आतल्या टोकाला ग्रोमेट व जॉइनर लावून स्किमरची मूळची नळी जोडली. आठवड्यात तो मलमलचा तुकडा चहाच्या गाळणीसारखा तपकिरी होतो, धुऊन परत बांधायचा. नळी लावायच्या आधी माझ्या मीटरवर पहाटे तीनला ७.६८ असायचा, आता सकाळी ७.९५ आणि संध्याकाळी ८.२ पर्यंत जातो, आणि मी पाण्यात काहीही टाकलेलं नाही.

बाहेर ४५ अंशांची हवा असताना ती आत घेतली तर टाकी तापेल ना, असं विचाराल. नाही तापणार. हवेत उष्णता फार थोडी मावते, शिवाय कोरड्या हवेने पाणी उडतं आणि त्याने उलट थोडा गारवाच येतो. फक्त बाष्पीभवन वाढेल, तेव्हा रोजचं आरओचं पाणी थोडं जास्त लागेल, आणि स्किमरच्या हवेच्या तोंडाशी मिठाची पापडी धरेल ती पंधरा दिवसांनी कोमट पाण्याने काढा.

तेवढ्याने भागलं नाही तर पुढची पायरी म्हणजे टाकीखालच्या संपमध्ये (तिला जोडलेली छोटी टाकी) कीटोमॉर्फा शेवाळ ठेवून त्यावर रात्री दिवा लावणं. वरच्या टाकीचे दिवे बंद असताना ते कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून पहाटेची घसरण कमी होते, वर नायट्रेटही उतरतं. आणि त्याच्याही पुढे सोडा लाइमचे दाणे भरलेला डबा, स्किमरची हवा त्यातून जाते आणि दाणे कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, रंग बदलला की दाणे बदलायचे. पण ते दाणे सारखे विकत घ्यावे लागतात, खिडकीबाहेरची हवा फुकट आहे, म्हणून मी हा उपाय सगळ्यात शेवटी ठेवतो. तुमचा ११.५ केएच मात्र लगेच खाली ओढायच्या मागे लागू नका, बाटली बंद केली की गोगलगायी आणि दगडावरचं गुलाबी कोरलाइन शेवाळ तो हळूहळू वापरतील, पाणी बदलताना अजून थोडा उतरेल, ८ ते ९ वर आला की तिथे धरा.

एक शेवटचं, ८.३ च्या मागे लागायची काही गरज नाही. आजच्या समुद्राचाच पृष्ठभागाचा पीएच सरासरी ८.१ च्या आसपास आहे, कारखानदारी सुरू व्हायच्या आधी तो ८.२ होता, आणि तो पडला त्याचंही कारण हवेतला हाच वायू. टाकी ७.८ ते ८.३ मध्ये फिरत असेल, दिवसा वर आणि रात्री खाली, तर निवांत झोपा.

प्रश्न (एक वाचिका, धुळे): दादा, पीएच ७.८ आहे. मैत्रीण म्हणाली खायचा सोडा टाक, लगेच वाढेल. टाकला तर उलट थोडा कमी झाला! असं कसं? टाकी १०० लिटरची आहे, केएच ६.५.

उत्तर: ताई, घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो केएच वाढवतो पण पीएच सुरुवातीला किंचित खालीच नेतो. तुमचा केएच ६.५ म्हणजे खरंच कमी आहे तेव्हा सोडा लागणारच होता. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच साधारण १ ने वाढतो, एका दिवसात १ पेक्षा जास्त वाढवू नका, आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, पंपाच्या धारेजवळ हळूहळू ओता. पीएचही सोबत वर हवा असेल तर तोच सोडा पसरट ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजा, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. ते जास्त तेज असतं म्हणून १०० लिटरला १.९ ग्रॅम पुरे, ३ नको. सोडा साधा पांढरा घ्या, बेकिंग पावडर वेगळी असते तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं, ती टाकीत अजिबात नको.

प्रश्न (एक वाचक, चाळीसगाव): बाहेरचे लोक कॅल्कवासर टाकतात म्हणे, पीएच आणि कॅल्शियम दोन्ही वाढतं. ते म्हणजे चुनाच ना? मग पानाचा चुना चालेल का? आणि उडालेलं सगळं पाणी त्यानेच भरायचं असं वाचलं, बरोबर आहे का?

उत्तर: हाओ, चुनाच. कॅल्कवासर हा जर्मन शब्द, आपल्याकडे त्याला चुन्याची निवळी म्हणतात आणि ती आपल्या आज्यांना चांगली माहीत होती. शाळेत नळीने फुंकर मारून निवळी दुधाळ केलेली आठवते ना, तेच. फुंकरीतला कार्बन डायऑक्साइड निवळीने धरला आणि त्याचा खडू झाला. टाकीतही ती हेच करते, पाण्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड धरून त्याचा केएच बनवते आणि वर कॅल्शियम देते. म्हणून पीएच कमी असलेल्या टाकीला ती इतकी मानवते.

पण पानाचा चुना नको. तो कशापासून भाजला, कुठल्या पाण्यात भिजवला आणि त्यात अजून काय आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं, आणि टाकीत गेलेला जड धातू परत काढता येत नाही. खाण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचं कोरडं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. १ लिटर आरओच्या पाण्यात १.५ ग्रॅम, झाकण लावून हलवा, चार-पाच तास बसू द्या आणि वरची नितळ निवळीच घ्या, खालचा गाळ हलवू नका. वरती पातळ साय धरते तो खडूच आहे, उघडं ठेवलं की हवेनेच धरतो, म्हणून झाकण हवंच. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, डोळ्यात उडाली तर इजा होते, चष्मा घाला आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. टाकीत रात्री, थेंब थेंब, सलाइनसारखी, जिथे पाण्याला जोर आहे तिथे सोडा. लोटाभर एकदम ओतली तर पीएच एकदम चढतो आणि मासे जाऊ शकतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मात्र नीट लक्ष द्या. उडालेलं सगळं पाणी निवळीने भरा असं जे लिहितात ते बहुतेक थंड देशातले, कडक सांगाड्याचे कोरल खच्चून भरलेल्या टाक्यांचे मालक असतात. चाळीसगावला मे महिन्यात पंख्याखाली दीडशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. एक लिटर गच्च निवळी १०० लिटर पाण्याचा केएच १ ने आणि थोडा वर वाढवते, म्हणजे तीन लिटरने अशा टाकीचा केएच रोज २ पेक्षा जास्तने वाढेल आणि सॉफ्ट कोरलच्या टाकीत तेवढा खाणारं कोणी नाही. आठवड्यात पाणी दुधाळ होईल. तेव्हा आधी चार दिवस काहीही न टाकता केएच रोज किती उतरतो ते मोजा, तेवढ्यापुरतीच निवळी द्या, बाकी साधं आरओ.

आणि निवळी लागावी म्हणून कडक कोरल आणायचा विचार असेल तर थांबा. सांगाडा बांधणारे हे कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा विकणं-बाळगणं गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, तो तुकडा कुठल्यातरी जिवंत खडकावरून तोडलेला असतो आणि तिथे तो परत वाढायला कित्येक वर्षं लागतात.

प्रश्न (एक वाचक, शहादा): आमचं घर शेतात आहे, एका बाजूला केळी एका बाजूला कापूस. खिडकी उघडी ठेवली की पीएच छान राहतो, पण फवारणीच्या दिवशी काय करू?

उत्तर: फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खिडकी बंद, नळी बाहेर असेल तर ती काढून आत घ्या. कापसावरच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड गटाची औषधं कोळंबी, खेकडे आणि माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतात. एक दिवस पीएच ७.७ झाला तर काही बिघडत नाही, औषध आत गेलं तर सगळं जातं. फवारा मारून आलेले हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालू नका, घरात कामाला येणाऱ्यांनाही सांगून ठेवा. गावात डासांसाठी धूर मारतात त्या दिवशीही हेच. नळीचं तोंड शेताच्या उलट्या बाजूला काढा, आणि थंडीत अंगणात भरितासाठी पऱ्हाटी पेटवता त्या जागेपासूनही लांब, संपमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम राहू द्या.

प्रश्न (एक वाचक, भुसावळ): आमच्या आरओच्या पाण्याचा पीएच ६ येतो. त्यामुळेच टाकीचा पीएच पडत असेल का? लोडशेडिंगही असतं.

उत्तर: नाही. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून त्या ६ ला काही जोर नसतो, टाकीत पडल्या पडल्या तो टाकीसारखा होतो. बोअरचं पाणी असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून आरपार येतो, म्हणून आकडा कमी दिसतो आणि पुढची डीआय रेझिनही (उरलेले क्षार धरणारे दाणे) लवकर संपते. मेम्ब्रेननंतरचं पाणी ड्रममध्ये रात्रभर एअर पंपाने उकळल्यासारखं फुगवत ठेवा आणि मग रेझिनमधून काढा, रेझिन जास्त दिवस पुरेल.

लोडशेडिंगचं मात्र तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, खरी काळजी त्याची करा. वीज गेली की पाणी हलायचं थांबतं, आतले जीव श्वास घेत राहतात, पीएच पडतो पण त्याच्या आधी ऑक्सिजन संपतो, आणि पाणी २९ वर गेलेलं असेल तर त्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर टाका, दिवे आणि चिलर नको. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप, वीज गेली की आपोआप सुरू होणारा, आजच आणून लावा.

प्रश्न (एक वाचक, अमळनेर): पेनसारखा मीटर घेतलाय, तो ७.३ दाखवतो. पण मासे खातायत, झोआ पूर्ण उघडे. काय करू?

उत्तर: टाकीत काही टाकू नका, मीटर तपासा. ७ आणि १० चं बफर द्रावण (पीएच ठरलेला असलेलं, मीटर जुळवायचं) आणा, टाकीच्याच तापमानाला येऊ द्या, आधी ७ मध्ये आणि मग १० मध्ये कॅलिब्रेट करा, मधे आरओच्या पाण्याने धुवा. फक्त ७ वर केलेला मीटर ८ च्या पट्ट्यात चुकतो. टोपीत स्टोरेज द्रावणाचे चार थेंब कायम हवेत, आरओचं पाणी नको, त्यात ठेवल्याने काचेचं टोक लवकर मरतं. कॅलिब्रेट करूनही आकडा स्थिर होत नसेल, सारखा सरकत असेल, तर टोक संपलंय, दोनेक वर्षांत ते संपतंच. मीटर नीट झाला की जळगावच्या भाऊंना सांगितलेली दोन ग्लासांची परीक्षा करा आणि सकाळचा, संध्याकाळचा असे दोन्ही आकडे केएचसकट लिहून पाठवा, घरात किती माणसं झोपतात तेही लिहा.